भूकंपाच्या आधीच गेलेली वेस

आमच्या गावात कुठल्याही जुन्या गोष्टीबद्दल विचारा, उत्तर ठरलेलं. वेस कुठं गेली? भूकंपात. गढी? भूकंपात. बारव, चावडी, तेल्याचा घाणा? भूकंपात. 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जे झालं ते एवढं मोठं होतं की त्याच्या आधीही गावातलं काही ना काही जात होतं, पाडलं जात होतं, बुजवलं जात होतं, हे कुणाच्या ध्यानातच राहिलं नाही.

गाव औसा तालुक्यातलं, किल्लारीच्या पट्ट्यातलं. पूर्ण नव्या जागी वसवलेल्या 52 गावांपैकी एक. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण जुन्या गावाचा जो नकाशा मी काढला त्यावरून दोन भावक्यांचं बोलणं अजून बंद आहे.

नव्या गावात माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. 2023 च्या सप्टेंबरनंतर कुणबी नोंदी शोधायचं काम सुरू झालं आणि लोकांनी ट्रंका उघडल्या. खासरा पत्रक, वाटणीपत्र, शाळेचा निर्गम उतारा, खरेदीखत, हाताला लागेल ते घेऊन माणसं दुकानात यायला लागली. यातल्या कितीतरी ट्रंका ढिगाऱ्यातून निघालेल्या. पत्रा चेपलेला, कडी मोडलेली, आतले कागद मात्र धड. हवी ती नोंद सगळ्यांनाच सापडली असं नाही. माझं लक्ष मात्र दुसरीकडंच जायला लागलं. जुन्या घराच्या खरेदीखतात चतुःसीमा असते. 'पूर्वेस सरकारी रस्ता, पश्चिमेस तेल्याचे घर व घाणा, दक्षिणेस बोळ, उत्तरेस वेशीकडे जाणारी वाट.' एका कागदात चार शेजारी. असे बरेच कागद काचेवरून गेले की एकाची पश्चिम दुसऱ्याच्या पूर्वेला येऊन भिडते. मालकाला विचारून मी एक प्रत जास्तीची काढून ठेवायला लागलो. तिथून नकाशाचं खूळ डोक्यात शिरलं.

आधी सरळ रस्ता धरला. मोजणी ऑफिसातून गावनकाशाची नक्कल आणली. त्यात शेताचा बांधन्‌बांध आहे, ओढा आहे, शिवेचे दगड आहेत. गावठाण मात्र मधोमध एक कोरा तुकडा. गावठाणाला ना सर्व्हे नंबर, ना सातबारा. ज्या जागेवर सारा नाही तिथं कोण घर कुठं बांधतो याच्याशी सरकारला कधी देणंघेणं नव्हतं. अलीकडं स्वामित्व योजनेत ड्रोननं गावठाणं मोजतात. आमच्या जुन्या गावावर ड्रोन फिरवला तर त्याला फक्त वेड्या बाभळी दिसतील.

मग कागदांमागं धाराशिवला जावं लागलं. लातूर जिल्हा झाला 16 ऑगस्ट 1982 ला, त्याआधी आम्ही उस्मानाबादचे. काडीमोड झालेल्या घरातली भांडी वाटली जावीत तसे कागद वाटले गेलेत, काही इकडं आले, काही तिकडंच राहिले. त्यातही निजामाच्या काळातलं बरंचसं उर्दूत. मला त्यातलं अक्षर कळत नाही. औशात एक निवृत्त उर्दू शिक्षक आहेत, सगळे त्यांना मास्तरसाहेबच म्हणतात. अलीकडं त्यांच्या ओट्यावर रोज पाच-दहा माणसं कागद घेऊन बसलेली असतात. माझा नंबर आला तेव्हा त्यांनी आधी चष्मा पुसला, मग कागद, आणि म्हणाले, "ये जातवाला नहीं दिखता. फिर किसलिए?" नकाशासाठी म्हटल्यावर त्यांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी पैसे घेतले नाहीत.

सन वाचायचं त्यांनीच शिकवलं. कागदावर फसली असतं, त्यात 590 मिळवायचे की साधारण इसवी सन येतं. 1338 फसलीच्या, म्हणजे 1928-29 च्या एका कागदात मारुतीच्या दिवाबत्तीच्या इनाम जमिनीचा उल्लेख निघाला आणि त्यात देवळाची जागा सांगताना गढीचा पूर्वेकडचा बुरूज धरलेला. मारुती आजही जुन्या जागेवर आहे, ओटा नवा पण जागा तीच. तेव्हा बुरूज कुठं होता हे कळलं. नकाशावरची पहिली पक्की खूण ही.

पण खरा हात दिला तो ग्रामपंचायतीच्या नमुना 8 नं. घरपट्टीच्या आकारणीचं रजिस्टर. ग्रामपंचायतीची इमारत तर जमीनदोस्त झाली होती, पण 1980 च्या सुमाराचं हे एक रजिस्टर वाचलं, कारण तेव्हाचे ग्रामसेवक गावात न राहता तालुक्याला राहायचे आणि दप्तर घरी न्यायचे. मुख्यालयी न राहण्याचा गावाला झालेला हा एवढा एकच फायदा. या रजिस्टरात घरं नंबरवारीनं आहेत. आकारणी करणारा माणूस वेशीपासून निघाला, उजव्या हाताची घरं घेत गल्लीच्या टोकाला गेला, तिथून वळून परत आला. म्हणजे रजिस्टर क्रमानं वाचलं की आपण त्याच्या मागं चालत असतो. शेऱ्यात मजकूर तुटक: 'माळवद, 5 खण', 'पत्रा', 'पडके', 'गोठा'. मी एकाखाली एक घरं मांडली, त्यावर खरेदीखतांच्या चतुःसीमा लावल्या आणि किराणा दुकानातला खाकी कागद चिकटवून चिकटवून पलंगाएवढा झाला.

आता सांगायला माणसं पाहिजे होती. दुकानापुढं संध्याकाळी बैठक बसायला लागली. पहिले काही दिवस नुसती भांडणं. पुरुष माणसांची आठवण पारावरून सुरू होते आणि चावडीवर संपते. पार किती मोठा, चावडीपुढं कोण कुठं बसायचं, पोलिस ॲक्शनच्या साली रझाकाराच्या भीतीनं वेशीचं दार रात्री कसं लावायचे, आतून अडसर कोण घालायचं. हे सगळं त्यांच्या बापांकडून ऐकलेलं, तरी काल पाहिल्यासारखं सांगायचे. वेशीची कमान किती उंच? एक जण म्हणे हत्ती जाईल एवढी, दुसरा म्हणे कडब्याची गाडी अडकायची. दोघांचं एका गोष्टीवर मात्र एकमत: ती भूकंपात पडली.

बायका लांब उभ्या राहून ऐकायच्या. एक दिवस गल्लीतली आज्जी, वय ऐंशीच्या पुढं, सरळ दुकानात आली आणि माझ्याकडून खडू मागून घेतला. शहाबादी फरशीवर बसून तिनं रेघ ओढायला सुरुवात केली. नकाशा नव्हेच तो, वाट होती. तिच्या उंबऱ्यापासून आडापर्यंतची.

"हितनं निघालं की डाव्या अंगाला चुलत सासऱ्याची भिंत. त्या भितीला हात लावत जायचं. फुडं तीन पायऱ्या खाली, मदली मोडकी. मग तेल्याचं दार, तितं वास यायचा. तितनं उजवीकडं."

"आज्जी, वेस कुठं यायची मग?"

"येस तकडं. पण तिची कमान कशी हुती ते मला इचारू नगंस लेकरा. पदर हितवर वडलेला. वर कवा बगितलंच न्हाई. खालचा दगड इचार, सांगते."

आणि खालचा दगड तिनं सांगितला. वेशीच्या उंबऱ्याला दोन खाचा होत्या, गाडीच्या चाकांनी पडलेल्या. डोक्यावर हंडा असला की त्या खाचेत पाय मुरगळायचा, म्हणून बायका कडेनं जायच्या. पुढं ती सहज बोलून गेली की थोरलीच्या लग्नात वऱ्हाडाची मोटार थेट आत आली होती, देवळापर्यंत. मी विचारलं, वेशीतून मोटार कशी आली? "तवा कुटं हुती कमान? नुसते दोन कान उबे हुते." थोरलीचं लग्न कधीचं? बहात्तरच्या दुष्काळानंतर दोन वर्षांनी.

बैठकीत शांतता. मग एकदम सगळे बोलायला लागले. आज्जीचं चुकत असेल, वय झालंय, दुसरी वेस असेल. ग्रामपंचायतीच्या जुन्या ठरावबुकाची काही पानं माझ्याकडं होती, ती उलटून बघितली. शाळेच्या नव्या खोलीच्या पायाला वेशीचा पडका दगड वापरावा, असा ठराव त्यात सापडला. कमान आधीच उतरवलेली, कारण तिच्याखालून मोठी गाडी जात नव्हती. म्हणजे वेस गेली दुष्काळाच्या आगेमागे, आणि तिचा दगड गेला शाळेच्या पायात. 1993 ला शाळेची ती खोली पडली. वेस पडायला तोवर जागेवरच नव्हती.

तिथून पुढं मी नकाशाच्या बाजूला एक रकाना आखला: कधी गेलं. आणि कामाला खरी गोडी लागली.

गढीचं उत्तर एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं दिलं. सगळे भूकंप-भूकंप करत होते, तो हसून म्हणाला, "म्या सवता नेलीया की गाडीनं." गढीची पांढरी माती शेतात टाकली की पीक जोरात येतं, हे मराठवाड्यात कुणालाही विचारा. मालक हैदराबादेला गेले, परत आलेच नाहीत, मग बुरजाला पहिली कुदळ कुणी लावली कोण जाणे. उन्हाळ्यात बैलगाड्यांची रांग लागायची. पुढं ट्रॅक्टर आले. आणि शेतापेक्षा जास्त माती चढली ती घरांवर. माळवदाला पांढरीच माती लागते, ती पाणी धरत नाही. लाकडी सऱ्या, त्यावर किलचं, त्यावर माती. दरसाल पावसाळ्याच्या तोंडावर गळती बुजवायला आणखी एक थर. जुना थर कुणी काढत नसे. बापानं टाकलेला, आज्यानं टाकलेला, त्यावर आपला. दीड-दोन फूट माती डोक्यावर घेऊन घरं उभी होती आणि त्यांच्या भिंती नुसत्या चिखलात रचलेल्या गोल दगडांच्या. त्या पहाटे लोक दगडाखाली सापडले तसे या मातीखालीही गुदमरले. गणपती विसर्जनाची रात्र, माणसं दमून घरात झोपलेली. तेव्हा गढी भूकंपात गेली असं कुणी म्हणालं तर मी आता भांडत नाही. बुरूज तोवर घराघराच्या माथ्यावर जाऊन बसला होता.

बारवेची गोष्ट वेगळी. ती कुणी पाडली नाही, बंद केली. आमच्या भागात नारू होता. पाय सुजायचा, फोड फुटायचा आणि त्यातून दोऱ्यासारखा किडा बाहेर यायचा. तो ओढला तर तुटतो, म्हणून काडीला गुंडाळत रोज थोडाथोडा काढायचा. आमच्या चुलत्याच्या घोट्यावर त्याचा वण होता, मी लहानपणी त्याला बोट लावून बघायचो. रोग्यानं पायऱ्या उतरून पाण्यात पाय घातला की नारू पाण्यात अळ्या सोडतो, बारीक पाणकिडे त्या गिळतात आणि ते पाणी न गाळता पिणाऱ्याच्या पोटात पुढचा नारू. पायऱ्यांची बारव म्हणजे याला घरच मिळालं. 1983-84 पासून देशभर नारू निर्मूलनाचं काम सुरू झालं. आरोग्याची माणसं गावात यायची, पाण्यात औषध टाकायची, फडक्यानं पाणी गाळून प्या म्हणायची, पायऱ्या बंद करा म्हणायची. हातपंप आले होतेच. बारवेच्या तोंडाला आधी काटेरी कुंपण पडलं, मग कचरा पडला. 2000 च्या फेब्रुवारीत भारत नारूमुक्त झाल्याचं जाहीर झालं. आमची बारव त्याच्या कितीतरी आधी भरून गेली होती. मराठवाड्यात हल्ली बारवा साफ करायची मोहीम चालते, दिवे लावतात, फोटो काढतात, चांगलंच आहे. पण बारव बुजवणारे सगळे अडाणी होते, असं जे बोललं जातं ते मला पटत नाही. ज्यानं काडीला नारू गुंडाळलाय त्यानं बुजवली.

हिवाळ्यात, साप कमी असतात म्हणून, आम्ही काही जण कोयते घेऊन जुन्या जागेवर गेलो. खाकी कागद गुंडाळून बरोबर घेतला होता. मारुतीपासून पावलं टाकत निघालो. पहिली गल्ली लागलीच नाही, नुसते दगड. मग एकाचा पाय उखळावर पडला. जमिनीत बसवलेलं दगडी उखळ, काठ गुळगुळीत, आत बाभळीच्या शेंगा. घरं उचलून नेली, सागवानी खांब आणि चौकटी विकल्या गेल्या, पण जमिनीत गाडलेलं उखळ कोण उपटणार? एक उखळ म्हणजे एक घर. बोळाच्या तोंडाशी दोन उखळं शेजारीशेजारी मिळाली, भावाभावांच्या वाटणीतली, आणि माझ्याकडच्या वाटणीपत्राशी ती तंतोतंत जुळली. त्यानंतर आम्ही उखळावरून उखळावर चालत गेलो.

एका वाड्याच्या अंगणात पेवाचं तोंड होतं, वरचा दगड सरकलेला. बरोबरच्या पोरांनी मोबाइलची बॅटरी आत मारली. आमच्याबरोबर आलेल्या अण्णांनी सगळ्यांना मागं ओढलं. पेवात ज्वारी साठवायचे, आत हवा कोंडते. पेव उघडलं की आधी तसंच मोकळं सोडायचं, मग कंदील दोरीनं खाली सोडायचा. कंदील विझला तर माणसानं उतरायचं नाही. ज्वारी काढायला उतरलेली माणसं तिथंच राहिल्याच्या गोष्टी दर गावात आहेत. आम्ही दगड ढकलून तोंड बंद केलं आणि नकाशावर लाल खूण केली.

काही घरांबद्दल सांगायला कुणी नव्हतं. नमुना 8 मध्ये नंबर आहे, नाव आहे, 'माळवद, 3 खण' एवढं आहे, पण त्या घरातलं कुणीच उरलं नाही. अशा वेळी शेजाऱ्याचं खरेदीखत कामी आलं. त्याच्या चतुःसीमेत 'पश्चिमेस' म्हणून ते घर उभं असतं. तेवढ्यावर मी ते काढलं. नाव घालताना बैठकीत कुणी काही बोललं नाही, एका काकूंनी फक्त त्यातल्या पोरांची नावं सांगितली आणि तीही लिही म्हणाल्या. लिहिली.

नवं गाव मिळालं ते जमिनीप्रमाणं. भूमिहीन आणि थोड्या जमिनीवाल्याला अडीचशे चौरस फुटांचं घर, मधल्याला चारशेचं, मोठ्याला साडेसातशेचं. घरं आकारानं एका ठिकाणी बांधली, त्यामुळं भाऊ एका टोकाला आणि चुलत भाऊ दुसऱ्या. रस्ते रुंद, मोकळं, सुरक्षित, हे सगळं खरं. पण चतुःसीमा मोडली ती तिथं. नकाशा पूर्ण होत आल्यावर तरणी पोरं येऊन विचारायला लागली, आमच्या शेजारी कोण होतं? उत्तर ऐकून बाहेर गेल्यावर ती त्या माणसाला 'मामा' म्हणायला लागली, हे मी ऐकलंय.

काम जवळजवळ झालं असं वाटत होतं, तेव्हा मला नीट दिसलं की कागदाचा एक कोपरा मोकळाच आहे. वेशीबाहेरची वस्ती. बौद्ध वाडा आणि मातंग वस्ती. तिथं खरेदीखतंच नाहीत, कारण घराच्या जागा विकत घेतलेल्या नव्हत्या. नमुना 8 मध्ये ती घरं सगळ्यात शेवटी, तीही घाईत, शेऱ्याचा रकाना कोरा. आणि माझ्या बैठकीला तिथलं कुणी येतही नव्हतं. मी वस्तीवर गेलो. एका मामांनी ओट्यावर बसवलं, चहा दिला, वेस कशी गेली, बारव कशी गेली हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बारव भूकंपात गेली काय नि नारूत गेली काय, आमच्या कवा कामाची हुती ती?"

पुढचं सगळं त्यांनी सांगितलं. कागद नाही, तोंडानं. कुणाचं घर कुणाला लागून, पंचशील झेंडा पहिल्यांदा कुठं लावला, बहात्तरला दुष्काळी कामावर खडी फोडायला कोण कोण गेलं. आणि त्यांची विहीर. बारवेवर येऊ देत नव्हते म्हणून वस्तीनं मिळून खणलेली, दगडानं बांधलेली. पायऱ्या नाहीत, रहाटानं पाणी काढायची, त्यामुळं नारूवाल्यांनीही तिला हात लावला नाही. भूकंपात वरचा काठ थोडा ढासळला, बाकी तशीच.

नकाशा आता ग्रामपंचायतीत भिंतीवर आहे. त्यावरून रोज काहीतरी वाद येतो. एकाला त्याच्या घरापुढं 'वाडा' लिहून पाहिजे, दुसऱ्याचं म्हणणं शेजाऱ्याचा ओटा मी दोन फूट जास्त दाखवलाय, आणि तिसऱ्याला कुणीतरी सांगितलंय की या नकाशावर जुनी जागा नावावर होते. नव्या गावाच्या तोंडाला सिमेंटची कमान उभी राहतेय, तिच्यावरच्या मजकुरात वेशीचं काय लिहायचं हेही ठरलेलं नाही. वस्तीचा कोपरा मी मामांना दाखवून दोनदा दुरुस्त केला. विहिरीपुढचा 'कधी गेलं' हा रकाना मोकळा ठेवावा लागला. तिच्यावर सध्या पाच एचपीची मोटार आहे, आसपासची तीन शेतं तिच्यावर भिजतात आणि लाइट बिल कुणी भरायचं यावरून मामांचं नि त्यांच्या पुतण्याचं चाललेलं असतं.